हळदीची गाणी गेली कुठे?

परवा अनसिंगला एका हळदीला गेले. डीजेवर 'झिंगाट' लागलं अन् पोरीसोरी नाचल्या. मीही ठेका धरला! २०१६ च्या 'सैराट'मध्ये अजय-अतुल यांनी गावरान बाजाच्या गाण्यांना लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाची जोड दिली. अशी सरमिसळ वाईट नाहीच. पण हळदीची गाणी म्हणणाऱ्या आजीबाई कोपऱ्यात गप्प होत्या, ते खटकलं. जात्याबरोबर ओव्याही अशाच मागे पडल्या. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून त्या टिकल्या. त्यात बायांनी आपलं सुखदुःख सांगितलंय. डीजे आपल्याला नाचवतो, पण बोलू देत नाही. मैत्रिणींनो, पुढच्या हळदीला अर्धा तास डीजे बंद ठेवू या का? आजीला गाऊ द्या, नातीला ऐकू द्या!