आसनांची हमी घेतली, नोकऱ्यांची कोण घेणार?

विस्तारा ही विमान कंपनी मंगळवारी, 12 नोव्हेंबर 2024 ला, एअर इंडियात विलीन झाली. आठवडाभर निरोपाचे मजकूर वाचून मला संताप आला. जांभळी विमानं, जेवण, केबिन क्रूचं अगत्य, सगळ्यांची आठवण निघाली. 2024 च्या जुलैत दोन्ही कंपन्यांनी विमानावर न जाणाऱ्या कायम कर्मचाऱ्यांपुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना ठेवली, ती मात्र कुणाला आठवली नाही. दोन कंपन्या एक झाल्या की हिशेब, भरती, विक्री अशा एकाच कामाला दोन माणसं होतात. वैमानिक विमानांच्या हिशेबाने लागतातच. कुऱ्हाड पडते ती जमिनीवरच्यांवर.

जेट एअरवेजच्या वेळी ती केबिन क्रूवर पडली होती. 13 ऑक्टोबर 2008 ला जेट आणि किंगफिशर या विमान कंपन्यांनी हातमिळवणी जाहीर केली. दोनच दिवसांत जेटने सुमारे आठशे केबिन क्रूला घरी बसवलं. एकूण 1,900 जणांना काढायचं ठरलं होतं. गणवेशातली ती मुलं-मुली रडत रस्त्यावर आली, मुंबईत मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांना जाऊन भेटली. 16 तारखेच्या रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. ते वाचले, कारण एकाच वेळी काढले गेले आणि एकत्र उभे राहिले.

विस्ताराच्या वेळी एकत्र येण्याचा क्षणच आला नाही. योजनेचं पत्र आलं, मुदत ठरली, आणि नव्या कंपनीत आपली जागा असेल की नाही, हा हिशेब ज्याने त्याने आपापल्या घरी, कर्जाचे हप्ते समोर ठेवून केला. सही ज्याची त्याची, म्हणून तक्रारीलाही जागा नाही. 2008 च्या हडेलहप्पीपेक्षा ही शांतता मला जास्त घातक वाटते.

रस्त्यावरचा धाक हा उपाय नव्हे. 17 एप्रिल 2019 ला जेटच बंद पडली, तेव्हा कुणाचाच धाक चालला नाही. उपाय मंजुरीच्या टेबलावरच करायला हवा. विस्ताराच्याच विलीनीकरणाला हिरवा कंदील देताना सिंगापूरच्या स्पर्धा आयोगाने मार्च 2024 मध्ये मुंबईसह चार भारतीय शहरांच्या मार्गांवर कोविडपूर्व आसनक्षमता राखण्याची हमी घेतली. भारताच्या स्पर्धा आयोगानेही 2023 मध्ये अटी घालूनच परवानगी दिली. प्रवाशाची खुर्ची जपता येते, तर कर्मचाऱ्याची का नाही? कंपनी कायद्याच्या कलम 232 नुसार विलीनीकरण मंजूर करताना कर्मचाऱ्यांच्या हस्तांतराची तरतूद करण्याचा अधिकार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाला आहेच.

प्रत्येक विलीनीकरणाच्या अर्जासोबत किती जागा जाणार, कुणाच्या, आणि त्यांना पर्यायी काम कोणतं, हे लिहून घ्या. ते जाहीर करा. त्याशिवाय मंजुरी देऊ नका. येत्या अधिवेशनात आपल्या खासदाराने हे विचारावं, असं पत्र वाचकांनी त्यांना जरूर लिहावं.