नावाचा रकाना रिकामा का राहतो?

जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९चा. २०२३च्या दुरुस्तीने त्याचे वजन एकदम वाढवले. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख आणि जन्मठिकाण यांचा पुरावा म्हणजे जन्म दाखला. शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, सगळीकडे तोच लागणार. ही मुले २०२९पासून पहिलीच्या वर्गात येऊ लागतील. त्यांच्यापैकी अनेकांचा दाखला असेल, पण त्यावर नाव नसेल. हा दोष आईबापांच्या माथी मारणे सोपे आहे. माझ्या मते तो नोंदणीच्या रचनेत आहे, आणि ज्या सरकारने एका कागदावर एवढा भार टाकला, तो कागद पुरा करून देणे हेही त्याच सरकारचे काम आहे.

रचना पाहा. बाळ घरी जन्मले तर खबर द्यायची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, दवाखान्यात जन्मले तर तिथल्या प्रमुख डॉक्टरची. मुदत २१ दिवसांची, आणि तेवढ्यात नोंद झाली तर फी नाही. आपल्या राज्यात शंभरातली नव्वदहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात, त्यामुळे नोंद बहुधा होतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ८९.१ टक्के मुलांची जन्मनोंद सापडली, त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ७९.७ होते. प्रगती खरी आहे. पण दवाखान्याचा फॉर्म भरला जातो तेव्हा बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव एवढेच असते. साधे बाळंतपण असेल तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. बारसे बाराव्या दिवशी, कित्येक घरांत सव्वा महिना उलटल्यावर. म्हणजे नाव ठरते त्याच्या आधीच फॉर्म पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत पोचलेला असतो, नावाचा रकाना कोरा ठेवून.

त्यात आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. नोंद मात्र जन्म जिथे झाला तिथेच होते, राहत्या गावी नाही. चालत्या गाडीत बाळ जन्मले तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे, इतका हा नियम पक्का आहे. सासर लातूरला, माहेर परभणीला, तर नाव घालायला परभणीला जायचे. बीडहून कोल्हापूरच्या फडावर गेलेल्या ऊसतोड जोडप्याचे तर विचारूच नका. हंगाम संपला की कोपी मोडते, टोळी परत फिरते, पुढच्या वर्षी कारखाना वेगळा असतो. बाळाची नोंद मात्र त्या एका गावच्या दप्तरात पडून राहते, आणि ती शोधायला रोजगार बुडवून कोण जाणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: नाव घालायला वर्षभर फी नाही, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते, मग अडचण काय? अडचण हीच की मुदत लांब असली की निकड वाटत नाही, आणि शाळेने दाखला मागितला की धावपळ सुरू होते. राज्यात ही मुदत वेळोवेळी वाढवून द्यावी लागली, यातच तिच्या भरवशावर काम होत नसल्याची कबुली आहे. कोऱ्या नावाची किंमत काय, हेही महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकांतली मोडीतली जन्ममृत्यूची पाने बाहेर निघाली. त्यांतल्या अनेक नोंदींत बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. तो बिननावाचा मुलगा म्हणजे आपलाच आजा, हे सिद्ध करताना नातवंडांच्या नाकी नऊ आले. आणि ज्यांची नोंदच नव्हती त्या पिढीला गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. म्हणून तर दरवर्षी ३१ मेला सरकारी कार्यालयांत एकदम इतकी माणसे निवृत्त होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो खोट्या दाखल्यांचा. वर्षाहून उशिराच्या नोंदींचे आदेश पूर्वी न्यायदंडाधिकारी देत, २०२३नंतर ते काम महसूल अधिकाऱ्यांकडे आले. गैरप्रकारांच्या तक्रारी झाल्यावर राज्य सरकारने जानेवारी २०२५मध्ये असे आदेश थांबवले, विशेष तपास पथक नेमले आणि १२ मार्च २०२५च्या शासन निर्णयाने कागदपत्रांची कडक छाननी घालून दिली. छाननी हवीच. पण तिच्या चाळणीत लबाड माणूस अडकतो तसाच पालावर जन्मलेला खरा माणूसही अडकतो, कारण दोघांकडेही जुना कागद नसतो. उशिराच्या नोंदी जितक्या कमी, तितकी फसवणुकीला जागा कमी. त्यामुळे वेळेवर आणि पुरी नोंद हाच या आक्षेपावरचाही इलाज ठरतो.

तो इलाज करायला नवे खाते नको. दीड महिन्याची लस टोचायला बाळ आरोग्यसेविकेसमोर येते. तोवर बहुतेक घरांत नाव ठेवून झालेले असते, आणि तिच्या हातातल्या माता-बाल कार्डावर ते लिहिलेही जाते. मूळ कायद्याचे कलम १४ सांगते की नाव पालकांनी निबंधकाला तोंडी सांगितले तरी चालते. मग आईने किंवा वडिलांनी स्वतः लिहून सही केलेली मराठी-इंग्रजी नावाची चिठ्ठी तिथेच घेऊन, जन्म जिथे नोंदला त्या निबंधकाकडे ऑनलाइन का पाठवू नये? स्पेलिंग चुकेल ही भीती रास्त आहे, कारण एकदा चढलेले नाव बदलणे फार कठीण. म्हणून नोंद पक्की होण्याआधी चिठ्ठीवरचे नाव पालकांना एकदा वाचून दाखवावे आणि त्यांचा होकार घ्यावा. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहायचा नियम राज्याने केलाच आहे. ते आईचे नाव ज्याच्यापुढे लिहायचे, ते मुलाचे नाव साडेतीन महिन्यांच्या लशीपर्यंत दाखल्यावर आले पाहिजे, आणि जिथे आले नसेल तिथे विचारणा निबंधकाला व्हावी, आईला नव्हे.