गेलेला आपला, आलेलाही आपला

26 फेब्रुवारी 2025 ला नागपूरजवळच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि बघता बघता विदर्भाचे तीन गडी 24 धावांत परतले. तिथून दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी रचली. मालेवार नागपूरचा, एकवीस वर्षांचा. नायर कर्नाटकचा. 2016 मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद 303 धावा केलेला हा फलंदाज पुढे भारतीय संघाबाहेर पडला, नंतर कर्नाटकनेही त्याला वगळले. डिसेंबर 2022 मध्ये त्याने समाजमाध्यमावर जाहीरपणे क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती. ती संधी त्याला विदर्भाने दिली. जामठ्यात त्याने पहिल्या डावात 86 आणि दुसऱ्या डावात 135 धावा केल्या.

समोर होता केरळचा संघ, इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलेला. त्या संघात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटे होता. हा नागपूरचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी 2019 मध्ये, याच जामठ्यावर त्याने सौराष्ट्रविरुद्धच्या अंतिम सामन्यात 11 बळी घेऊन विदर्भाला दुसऱ्यांदा करंडक जिंकून दिला होता. चेतेश्वर पुजारासारख्या फलंदाजाला त्याने दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली होती. तोच सरवटे आता केरळच्या टोपीत होता. पहिल्या डावात तो 79 धावा करून विदर्भासमोर उभा ठाकला. शेवटी विदर्भाने पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली.

त्या पाच दिवसांत आमच्या भंडाऱ्यात जिथे चार माणसे जमत तिथे एकच वाद चाले. सरवटेने विदर्भ सोडायला नको होता, असे बरेच जण तावातावाने सांगत. आणि नायरचे शतक झाले तेव्हा हीच मंडळी उठून टाळ्या वाजवत होती. आपल्याकडे आलेला चालतो आणि आपल्याकडून गेलेला खुपतो, हे काही बरे नाही. निष्ठा ही चीज मोलाची आहे असे मी मनापासून मानतो. म्हणूनच ती मोजायची तर सगळ्यांना एकाच मापाने मोजावी, असा माझा आग्रह आहे.

हा वाद जगात सर्वांत जास्त गाजला तो अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये. लेब्रॉन जेम्स हा ओहायो राज्यातल्या अक्रनचा, म्हणजे क्लीव्हलँडच्या शेजारचाच. सात हंगाम तो क्लीव्हलँडकडून खेळला, पण अजिंक्यपद काही लाभले नाही. 8 जुलै 2010 रोजी त्याने दूरचित्रवाणीवरच्या खास कार्यक्रमात आपण मायामीला जात असल्याचे जाहीर केले. तिथे ड्वेन वेड होताच, आणि ख्रिस बॉशही येत होता. तीन तालेवार खेळाडू ठरवून एका संघात आले. क्लीव्हलँडमध्ये लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी रस्त्यावर जाळल्या. पहिल्याच वर्षी, 2011 च्या अंतिम फेरीत, या त्रिकुटाला डॅलसने हरवले. डॅलसचा म्होरक्या होता जर्मनीचा डर्क नोवित्स्की. 1998 पासून 2019 पर्यंत, तब्बल 21 हंगाम, हा माणूस एकाच संघाकडून खेळला. एकाच घराला धरून राहिलेल्या माणसाने जमवाजमवीच्या संघाला नमवले, याचा आनंद अमेरिकेतल्या साध्या प्रेक्षकांना किती झाला असेल, ते आपल्याला सहज कळू शकते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मायामीने 2012 आणि 2013 ला अजिंक्यपद मिळवले. 2014 ला लेब्रॉन क्लीव्हलँडला परतला आणि 2016 मध्ये त्याने आपल्या माणसांना अजिंक्यपद मिळवून दिले. त्या शहराच्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक संघाने 52 वर्षांत अजिंक्यपद पाहिले नव्हते. ज्यांनी जर्सी जाळल्या होत्या त्यांच्याच शहराने त्याची मिरवणूक काढली.

त्याच वर्षी केव्हिन ड्युरंटने घेतलेला निर्णय मला वेगळा वाटतो. त्याचा ओक्लाहोमा सिटी संघ उपांत्य फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत 3-1 असा पुढे होता. तिथून तो 3-4 असा हरला. साधारण महिनाभराने ड्युरंट त्याच गोल्डन स्टेटला जाऊन मिळाला. त्या संघाने त्या हंगामात 82 पैकी 73 साखळी सामने जिंकले होते. ड्युरंट आल्यावर 2017 आणि 2018 ची अजिंक्यपदे त्यांनी घेतली. ड्युरंटने कोणताही नियम मोडला नाही, करार संपल्यावरच तो गेला. तरीही जे ताट आधीच वाढलेले होते त्यावर तो जाऊन बसला, अशी रुखरुख बास्केटबॉलच्या रसिकांना अजून आहे, आणि मला ती योग्य वाटते.

यातून मी माझ्यापुरते एक माप ठरवले आहे. खेळाडू गेला की राहिला, हे मी आधी पाहत नाही. तो कोणाकडून कोणाकडे गेला आणि त्याच्या जाण्याने तिथले काय वाढले, हे पाहतो. भरलेल्या संघातून रित्या संघाकडे गेलेला खेळाडू खेळ पसरवतो. भरलेल्याच संघात आणखी भर घालणारा खेळाडू खेळ एका जागी गोळा करतो. पहिल्याला मी मनापासून दाद देतो. दुसऱ्याला दोष देणार नाही, पण त्याच्या नावाने गुलालही उधळणार नाही.

विदर्भाचा क्रिकेट संघ तर पहिल्या प्रकारच्या माणसांनीच उभा केला आहे. 1957-58 पासून आपण रणजी खेळतो. भंडाऱ्यासह अकरा जिल्ह्यांचा हा संघ, पण 2017-18 पर्यंत त्याला अंतिम फेरीचे दर्शन झाले नव्हते. क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे राज्य संघाला बाहेरचे तीन व्यावसायिक खेळाडू घेता येतात आणि त्यासाठी खेळाडूला आपल्या संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. या नियमाचा विदर्भाने शहाणपणाने उपयोग केला. कर्नाटकचा गणेश सतीश आला. मुंबईचा वसीम जाफर 2015 मध्ये आला. पुढे चंद्रकांत पंडित मुंबईहून प्रशिक्षक म्हणून आले. मुंबईच्या नावावर तेव्हाच किमान चाळीस रणजी करंडक होते, विदर्भाच्या नावावर एकही नव्हता. जाफर उताराकडे आला तो असा, आणि आमच्या पोरांना मोठे करून गेला.

जाफरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 2016-17 च्या हंगामात दुखापतीमुळे तो खेळू शकला नाही, तरी विदर्भाने ठरलेले पैसे त्याला दिले. त्याची जाण ठेवून 2017-18 चा हंगाम तो मानधन न घेता खेळला. त्याच हंगामात इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथम श्रेणी शतक काढले आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भाने पहिल्यांदा करंडक उचलला. त्याआधी कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला अवघ्या 5 धावांनी हरवले होते. गणेश सतीश त्या दिवशी आपल्याच मायभूमीच्या संघाविरुद्ध खेळत होता. त्याला आपण तेव्हा काही बोललो नाही. मग सरवटेला कोणत्या तोंडाने बोलायचे?

सरवटेने तरी काय केले? ज्या केरळने कधी अंतिम फेरी पाहिली नव्हती तिथे तो गेला. गुजरातविरुद्धच्या उपांत्य सामन्यात केरळने 457 धावा केल्या होत्या आणि गुजरातचा शेवटचा गडी शिल्लक असताना त्यांना बरोबरीसाठी दोनच धावा हव्या होत्या. सरवटेच्या चेंडूवर मारलेला फटका जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमधल्या सचिन बेबीने तो झेलला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ अंतिम फेरीत आला. नागपुरात शिकलेली फिरकी त्याने तिकडे नेली. माझ्या मापाने हा प्रवासही वरून खालीच आहे. विदर्भात हर्ष दुबेसारखा डावखुरा फिरकीपटू तयार झाला होता आणि त्याने त्याच हंगामात 69 बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. म्हणजे सरवटेची जागा रिकामीही राहिली नाही.

जे राहिले त्यांचे मोल याने तसूभरही कमी होत नाही. फैज फजल मधला काही काळ रेल्वेकडून खेळला, पण परत आला आणि विदर्भाच्या पहिल्या दोन्ही अजिंक्यपदांचा तोच कर्णधार होता. भारताकडून त्याला जून 2016 मध्ये हरारेत एकच एकदिवसीय सामना मिळाला. त्यात नाबाद 55 धावा करूनही पुन्हा बोलावणे आले नाही. मुंबई किंवा कर्नाटककडून खेळला असता तर आणखी संधी मिळाल्या असत्या, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव 2011 मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला आणि कसोटीचे दौरे आटोपले की विदर्भासाठी चेंडू हातात घेत राहिला. बाहेरून आलेल्यांनी ज्ञान आणले हे खरे, पण ते रुजायला इथलीच जमीन लागली, आणि ती जमीन फजल-यादव यांच्यासारख्यांनी राखली.

निष्ठेचा दुसरा अर्धा भाग संघाकडे असतो आणि तो आपण नेहमी विसरतो. डॅलसने फेब्रुवारी 2025 मध्ये लुका डॉन्चिचला एका रात्रीत लॉस एंजेलिसला देऊन टाकले. आदल्याच वर्षी त्याने त्यांना अंतिम फेरीत नेले होते. त्या पंचवीस वर्षांच्या पोराला शेवटपर्यंत कुणी विचारलेही नाही. नोवित्स्कीचा डॅलस तो हाच. खेळाडूकडून जन्मभराची निष्ठा मागायची तर त्याच्या दुखापतीत, पडत्या काळात त्याला धरून ठेवण्याची तयारी हवी. कर्नाटकने वगळलेला नायर विदर्भाकडे आला, भारतीय संघात परतला आणि पुढच्या हंगामात कर्नाटकला निघून गेला. मला त्याचा राग आला नाही. दोन वर्षांत त्याने घेतले त्याहून जास्त दिले. मालेवारला त्याच्याबरोबर खेळून जे मिळाले ते कुठल्या पुस्तकात सापडणार नव्हते.

हे सगळे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर भंडारा जिल्ह्यातली गावेच आहेत. धान निघाले, मंडई आटोपली की गावोगाव कबड्डीचे सामने लागतात. अशाच एका सामन्याला मी पवनी तालुक्यातल्या गावी गेलो होतो. यजमान गावाचा संघ अंतिम सामन्यात होता. सातपैकी पाच खेळाडू नागपूरकडून पैसे देऊन आणलेले, दोघे गावचे. चढाईला बाहेरचेच, पकडीला बाहेरचेच. गावच्या दोघांपैकी एक पहिल्याच चढाईत बाद होऊन बाहेर बसला, आणि त्याला आत आणण्याची कुणाला घाई नव्हती. दोन गावची पोरे राखीव म्हणून रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या धरून उभी होती. माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारले, ‘‘यातला आपला पोट्टा कोनता जी?’’ मी बोट दाखवले ते बाहेर बसलेल्या पोराकडे. गाव जिंकले. बक्षिसाची रक्कम आणलेल्या खेळाडूंच्या मानधनात गेली आणि रात्रीच ते आपल्या गाडीने परतले.

जिंकण्याची हौस मला कळते. वर्गणी काढून, रात्र जागून सामने भरवणाऱ्या मंडळाला आपले गाव फलकावर वर दिसावे असे वाटणारच. 2014 पासून प्रो कबड्डीचे लिलाव घराघरात दिसू लागले, चांगल्या खेळाडूला चांगला पैसा मिळू लागला, हेही उत्तमच झाले. गरीब घरच्या खेळाडूने चार पैसे मिळवले तर त्याला नावे ठेवणे पाप आहे. पण रणजीच्या नियमात आणि आमच्या गावच्या सामन्यात एक मोठा फरक आहे. तिथे बाहेरचे तीन आणि घरचे आठ असतात. इथे बाहेरचे पाच आणि घरचे दोन. तीन पाहुणे आठ जणांना शिकवू शकतात. पाच पाहुणे दोघांना फक्त बाजूला सारतात.

टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत ‘एक गाव एक संघ’ हा नियम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो, आधार कार्ड पाहून खेळाडू आत घेतला जातो. कबड्डीतही खुल्या गटात सातपैकी किमान पाच खेळाडू गावचे किंवा तालुक्याचे असावेत, असा नियम आपल्या जिल्ह्यातल्या मंडळांनी एकत्र बसून करायला हवा. बाहेरचे दोन जरूर आणा, त्यांना मानाने पैसे द्या. पण सामन्याच्या आदल्या दिवशी बोलवा आणि संध्याकाळी गावच्या शाळेच्या मैदानावर पोरांना कोपऱ्यातली पकड आणि बोनसची चढाई शिकवायला सांगा. जाफरने विदर्भात जे केले तेच एका संध्याकाळपुरते गावात घडेल.

आणि जे भंडाऱ्यातून बाहेर गेले आहेत त्यांच्याशीही बोलायचे आहे. नागपूरची अकादमी इथून साठेक किलोमीटरवर आहे, नोकरी रेल्वेत किंवा पोलिसांत मिळते, चांगला सराव तिकडेच होतो. तुम्ही गेलात ते योग्यच केले. इथे राहून वाया गेलेल्या गुणांचा या जिल्ह्याला काही उपयोग नाही. तुमच्या निष्ठेचा हिशेब आम्ही जर्सीच्या रंगावरून करणार नाही. वर्षातून एकदा, कापणीला घरी येता तेव्हा, दोन दिवस गावच्या पोरांना द्या, एवढेच मागणे आहे. या हंगामात ज्या गावचे मंडळ हा पाच-दोनचा नियम पहिल्यांदा लावेल, त्यांच्या सामन्याला मी हजर राहीन आणि त्यांच्या संघातल्या पाचही पोरांची नावे याच सदरात छापीन, मग तो संघ पहिल्या फेरीत हरला तरी चालेल.