कॅप त्यांची, टोपी फॅन्सना

अप्रायझलचा महिना आठवा. वर्षभर घासलेल्या टीमला एचआरवाले गोड आवाजात सांगतात, ‘तुमच्या बँडची लिमिट आली हो, आमचाही नाइलाज आहे.’ तुम्ही मान डोलावता. नियम सगळ्यांना सारखा ना, मग ठीक आहे. पुढच्या सोमवारी बाहेरून एक बडा साहेब येतो. त्याच्यासाठी नवा बँड तयार असतो, आणि अख्ख्या ऑफिसात त्या बँडला त्याच्याच नावाने ओळखतात. हीच गोष्ट शॉर्ट्स आणि स्टड्स घालून मैदानात उतरवा. झाली अमेरिकेतली मेजर लीग सॉकर, म्हणजे एमएलएस!

अतिशयोक्ती वाटतेय? मग ७ डिसेंबर २०२४ ची फायनल घ्या. लॉस एंजेलिस गॅलेक्सीने न्यूयॉर्क रेड बुल्सला २-१ हरवून एमएलएस कप जिंकला. गॅलेक्सीचा दुसरा, म्हणजे विजयी गोल देयान योवेलिचचा. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू गास्तोन ब्रुगमन. मधल्या फळीत धावून धावून जीव काढणारा मार्क डेलगाडो. आता नवा हंगाम सुरू होईपर्यंत काय झालं बघा. ब्रुगमन गेला नॅशव्हिलला. डेलगाडो गेला एलएएफसीला, म्हणजे त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये योवेलिचची कॅन्सस सिटीला रवानगी.

हे तिघं काही खराब खेळले म्हणून गेले नाहीत. सॅलरी कॅपच्या हिशेबात बसेनात म्हणून गेले. योवेलिच आतापर्यंत तरुण खेळाडूंच्या सवलतीच्या कोट्यात होता. त्याचं वय वाढलं, सवलत संपली, आणि त्याचा पूर्ण भार कॅपवर आला. स्टार खेळाडूंच्या तिन्ही खास जागा आधीच भरलेल्या. त्यातली एक होती रिकी पुचची, आणि तो गुडघा फाटून वर्षभर घरी. मग गतविजेत्या गॅलेक्सीने २०२५ मध्ये पहिल्या १६ सामन्यांत एकही जिंकला नाही. एकही! सीझन तिकिटाचे पैसे भरून बसलेल्या फॅनने नेमकं कोणाला बोलायचं? कोचला? मालकाला? की एक्सेल शीटला?

आता ही कॅप आहे तरी काय? २०२५ मध्ये प्रत्येक क्लबला मुख्य २० खेळाडूंसाठी ५९ लाख ५० हजार डॉलरची मर्यादा होती, आणि कोणाही एका खेळाडूचा त्यातला भार जास्तीत जास्त ७ लाख ४३ हजार ७५० डॉलर. इथपर्यंत सरळ. पण प्रत्येक क्लबला तीन ‘डेझिग्नेटेड प्लेअर’ घेता येतात. त्यांना कितीही पगार द्या, कॅपमध्ये मोजायचे ते तेवढेच सात लाख आणि वर काही हजार. त्याशिवाय टॅम आणि गॅम. (जुन्या हिंदी सिनेमातले दोन गुंड वाटतात ना?) हे लीगने वाटलेले खास पैसे. त्यांनी एखाद्याचा पगार कागदावर ‘उतरवायचा’, म्हणजे तो कॅपमध्ये मावतो. पगार तोच, फक्त या बोटावरची थुंकी त्या बोटावर. पुन्हा २२ वर्षांच्या आत करारबद्ध केलेल्यांसाठी वेगळी सवलत. एवढं पाठ करण्यापेक्षा सीएची इंटर द्यावी.

या सगळ्याच्या मुळाशी एक खरीखुरी भीती आहे, हेही सांगायला हवं. एमएलएसच्या आधी अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग होती. तिथल्या न्यूयॉर्क कॉसमॉसने १९७५ मध्ये पेलेला आणलं. हीच टीम पेलेसकट सप्टेंबर १९७७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ बरोबरीत खेळून गेली. तुमच्या ऑफिसातल्या बंगाली सहकाऱ्याकडे विषय काढून बघा, लंच ब्रेक संपेल. पण कॉसमॉसच्या मागे धावता धावता बाकीच्या क्लबांची दमछाक झाली, आणि १९८४ च्या हंगामानंतर लीगच गुंडाळली गेली. म्हणून १९९६ मध्ये एमएलएस सुरू झाली तेव्हा मालकांनी ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. खेळाडूचा करार क्लबशी नाही, थेट लीगशी. पगारावर कुलूप. आणि किल्लीही लीगच्याच खिशात.

मग २००७ मध्ये डेव्हिड बेकहॅम आला. त्याच्यासाठी कुलूप उघडलं, आणि त्या नियमाला आजही जग ‘बेकहॅम रूल’च म्हणतं. वर्षाला ६५ लाख डॉलरचा पगार, कॅपमध्ये नोंद फक्त ४ लाखांची. त्याच गॅलेक्सीत त्याच्यासोबत खेळणाऱ्या ॲलन गॉर्डनला मिळत होते ३१ हजारांच्या आत. लीगमधल्या शिकाऊ पोरांना तर वर्षाला १२ हजार ९०० डॉलर. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. पंगत एकच, पण एकाच्या पानात श्रीखंड-पुरी आणि शेजारच्याला दुसऱ्यांदा भातही नाही.

तुम्ही म्हणाल, बेकहॅममुळे तिकिटं खपली, जर्सी खपल्या, कॅमेरे आले, मग बिघडलं कुठे? पटलं. स्टारला जास्त पैसे मिळण्याबद्दल फॅन्सची फारशी तक्रार नाहीच. त्यांची चीड आहे ती नियम कधी आणि कोणासाठी बदलतो, याची.

ऑगस्ट २०१३ चं उदाहरण घ्या. अमेरिकेचा कॅप्टन क्लिंट डेम्प्सी इंग्लंडहून परतला. परत येणाऱ्या राष्ट्रीय खेळाडूंसाठी लीगची एक रांग होती, आणि रांगेत पहिला नंबर होता पोर्टलंडचा. डेम्प्सी गेला सिअ‍ॅटलला, म्हणजे पोर्टलंडच्या सख्ख्या वैऱ्याकडे! कारण मागाहून सांगण्यात आलं, एवढ्या मोठ्या स्टारला ती रांग लागू नसते. पुढच्याच वर्षी जर्मेन जोन्स आला. त्याच्यावर शिकागो आणि न्यू इंग्लंड दोघांचा डोळा. मग काय केलं? चिठ्ठ्या टाकल्या. खरंच! व्यावसायिक लीगमध्ये, वर्ल्ड कप खेळून आलेल्या माणसाचा फैसला भिशीसारखा. चिठ्ठी न्यू इंग्लंडची निघाली. आणि २०१५ च्या जुलैमध्ये, भर हंगामात, टॅम नावाचा नवा पैसा जन्माला आला. योगायोग बघा, त्याच सुमारास गॅलेक्सीला जोव्हानी दोस सांतोसला आणायचं होतं, आणि स्टारच्या तिन्ही जागा भरलेल्या होत्या. टॅम वापरून ओमार गोन्सालेसचा भार कागदावर उतरवला आणि जागा मोकळी झाली. बाकी क्लबांनाही टॅम मिळाला, हे मान्य. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी, असं पोर्टलंड-शिकागोच्या फॅन्सना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

(आपणही फार हसू नये. २०१० च्या आयपीएल लिलावात कायरन पोलार्डवर चार टीम्सची बोली साडेसात लाख डॉलरच्या कमाल मर्यादेवर येऊन अडकली. तेव्हा बंद पाकिटात गुप्त बोली लागली, पोलार्ड मुंबई इंडियन्सला मिळाला, आणि मर्यादेवरची रक्कम किती ते जाहीरच झालं नाही. आपण मुंबईकर खूश. चेन्नई, कोलकाता आणि बंगळुरूत त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?)

आता येऊ मायामीकडे. २००७ च्या करारात बेकहॅमला पुढे कधीतरी २.५ कोटी डॉलरमध्ये लीगचा नवा क्लब घेण्याचा हक्क मिळाला होता. (२०२५ मध्ये आलेल्या सॅन डिएगोने लीगला मोजले ५० कोटी. कसला डील मारला होता बघा.) तो हक्क बेकहॅमने वापरला आणि २०२० मध्ये इंटर मायामी मैदानात उतरली. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, लीगने निकाल दिला: मायामीने नियम मोडले. वर्ल्ड कप विजेता ब्लेझ माट्युइडी आणि आंद्रेस रेयेस हे दोघं खरं तर डेझिग्नेटेड प्लेअर, पण कागदावर साधे दाखवलेले. तिघांची मर्यादा, तर मायामीकडे पाच निघाले. आणखी तिघांचे पगारही कमी दाखवले होते. म्हणजे ज्याच्या नावाचा नियम, त्याच्याच क्लबने तो मोडला. हे एखाद्या नाटकात दाखवलं असतं तर आपण म्हणालो असतो, काहीतरीच!

शिक्षा झाली, नाही असं नाही. क्लबला २० लाख डॉलर दंड, मालक होर्हे मास यांना अडीच लाख, आणि २०२२ व २०२३ या दोन वर्षांत खास पैशांतून जवळपास २३ लाखांची कपात. आणि शिक्षेचं दुसरं वर्ष चालू असतानाच, जुलै २०२३ मध्ये, मायामीत कोण आलं? लिओनेल मेस्सी. २०२५ चा त्याचा हमी पगार २ कोटी ४ लाख डॉलर, कॅपमधला भार साडेसात लाखांच्या आत. पाठोपाठ बुस्केट्स, आल्बा, मग सुआरेझ. सुआरेझचा २०२४ चा पगार होता साधारण १५ लाख, म्हणजे त्याच्या नावाच्या मानाने चणे-फुटाणे. २०२५ मध्ये डेझिग्नेटेड जागा भरलेल्या असताना रॉड्रिगो डी पॉल आला, तर आधी लोनवर. सगळं नियमात, एकेक कागद जागच्या जागी. आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायामीने व्हँकुव्हरला ३-१ हरवून एमएलएस कप उचलला.

मेस्सीवर राग धरणारा मी कोण? त्याला बघायला कोणत्याही शहरात स्टेडियम ओसंडतं, आणि त्यात घरच्या टीमचे फॅन्सही असतात. पण सिनसिनाटी किंवा कोलंबसचा फॅन विचारतो: माझ्या क्लबचा चांगला डिफेंडर दोन लाख डॉलरसाठी सोडावा लागतो, तेव्हा ‘कॅप म्हणजे कॅप’ असतं. मग मोठ्या नावाच्या वेळीच ती इलॅस्टिकची कशी होते?

मग कॅप काढूनच टाका, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. जर्मनीत अशी कॅप नाही. तिथे २०१५ ते २०२५ या ११ हंगामांत बायर्न म्युनिकने १० वेळा लीग जिंकली. त्याच ११ वर्षांत एमएलएसला ९ वेगवेगळे विजेते मिळाले. छोट्या शहरातल्या पोराला मार्चमध्ये ‘यंदा आपणच’ असं खरोखर वाटू शकतं, ही चैन युरोपात फार थोड्या ठिकाणी उरलीय. आणि सगळ्यात जास्त खर्च करणाराच जिंकतो असंही नाही. २०२४ मध्ये मेस्सीच्या मायामीने साखळीत विक्रमी ७४ गुण मिळवले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत अटलांटाकडून मार खाल्ला. इतर क्लबांच्या फॅन्सना त्या रात्री छान झोप लागली असणार.

पण कॅपचा भार नेमका कोणावर पडतो बघा. वरच्या तिघांना ती लागत नाही, आणि तळाच्यांचं किमान वेतन युनियनने भांडून वाढवून घेतलंय. चेपला जातो तो मधला. सहा वर्षं एकाच क्लबमध्ये राहिलेला, फॅन्सना नावानिशी माहीत असलेला मिडफिल्डर. लोक ज्याच्या नावाची जर्सी घेतात आणि पुढच्या जानेवारीत कपाटात ठेवून देतात, तो. ब्रुगमन, डेलगाडो याच जातकुळीचे.

फॅन्सचं मागणं तसं माफक आहे. हंगाम सुरू झाल्यावर नियमाला हात लावू नका. कोणाचा किती भार, कोणाला किती टॅम, कोणाचा पगार कशाने उतरवला, हे लीगने स्वतः, वेळच्या वेळी आणि पूर्ण मांडावं. आणि विजेत्या टीमला आपली माणसं टिकवायला थोडी तरी सवलत द्यावी. बेकहॅमसाठी दार उघडता येतं, तर ब्रुगमनसाठी निदान खिडकी.

खेळाडूंचे पगार फॅन्सना कळतात ते प्लेअर्स युनियनने छापलेल्या यादीतून. यादी आली की प्रत्येक शहरात हेच चालतं: पगार बघायचा, मागच्या यादीतला आकडा काढायचा, वजाबाकी करायची, आणि उरलेले पैसे कोणत्या खिशात गेले यावर रात्री एकपर्यंत भांडायचं.