हात शाबूत आहे, मग चेंडू जातो कुठे?

बेसबॉल आपल्याकडे फारसा कोणी बघत नाही. तरीही आजचा लेख एका बेसबॉलपटूवर आहे. "डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग हात माझं ऐकत का नाही?" हा प्रश्न विचारणारे पेशंट दवाखान्यात येतात आणि त्यांना समजावून सांगताना मला रिक अँकीलपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. बेसबॉलमध्ये आपल्या गोलंदाजासारखा जो असतो तो पिचर. फलंदाजासमोर जमिनीवर एक प्लेट असते, साधारण ४३ सेंटीमीटर रुंद. चेंडू तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला पाहिजे. चार चेंडू या चौकटीबाहेर पडले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. आणि चेंडू इतका भरकटला की मागे बसलेल्या कॅचरलाही अडवता आला नाही आणि बेसवरचे खेळाडू पुढे सरकले, तर तो वाइल्ड पिच. आपल्या वाइडचा मोठा भाऊ म्हणा.

अँकील सेंट लुईस कार्डिनल्सचा डावखुरा पिचर. २००० साली तो जेमतेम २१ वर्षांचा होता. त्या मोसमात त्याने १७५ इनिंगमध्ये १९४ फलंदाज बाद केले, तेही फलंदाजाला चेंडू लागू न देता. नवोदितांच्या पुरस्कारात तो दुसरा आला. एवढ्या वयात एवढा हात क्वचित दिसतो, असं जाणकार म्हणत होते.

३ ऑक्टोबर २००० रोजी अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध बाद फेरीचा पहिला सामना होता. कार्डिनल्सनी पहिल्याच इनिंगमध्ये ६ धावा केल्या होत्या, म्हणजे दडपण असलंच तर समोरच्या संघावर. तिसऱ्या इनिंगमध्ये अँकीलचा एक चेंडू भरकटला. मग दुसरा. एकाच इनिंगमध्ये ५ वाइल्ड पिच आणि ४ वॉक! एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच हा प्रकार त्याआधी १८९० साली घडला होता. शेवटी मॅनेजर टोनी ला रुसा यांनी त्याला बाहेर बोलावलं. सामना कार्डिनल्सनी जिंकला, पण पुढच्या फेरीत न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध अँकील पुन्हा उतरला तेव्हा २० चेंडूंतच त्याला परत बोलवावं लागलं.

लोकांनी लगेच कारणं शोधली. नेहमीचा कॅचर माईक मॅथेनी वाढदिवसाला भेट मिळालेल्या शिकारीच्या सुरीने बोट कापून घेऊन घरी बसला होता, म्हणून झालं. वडील त्याच वर्षी तुरुंगात गेले होते, म्हणून झालं. घरातल्या हिंसेबद्दल अँकीलने पुढे स्वतःच लिहिलं आहे, त्यामुळे ते कारण खोटं ठरवायचा माझा हेतू नाही. पण सगळ्यात जास्त ऐकू आलेलं निदान एकच: "पोरगं मनाने कच्चं आहे." माझा आक्षेप आहे तो या निदानावर.

त्याचा हात काय करत होता ते बघू. पिचर आणि प्लेट यांच्यात साधारण साडेअठरा मीटर अंतर असतं. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू ते ०.४ सेकंदात कापतो. चेंडू प्लेटवरून जायचा तर तो हातातून सुटताना दिशेत चुकायला फार तर दीड अंशाची मुभा. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून दीड अंश म्हणजे केवढा ते एकदा बघाच. त्या क्षणी खांदा सेकंदाला सुमारे ७००० अंश इतक्या वेगाने फिरत असतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक आहे. म्हणजे बोटं सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा सुटली तरी दंड तेवढ्यात सात अंश पुढे गेलेला असतो.

आता गंमत अशी की डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर मेंदूने विचार करून हाताला हुकूम द्यायला ढोबळमानाने सेकंदाचा पाचवा भाग लागतो. हात एकदा सुटला की वाटेत दुरुस्ती करायला वेळच नसतो. सगळी हालचाल आधीच लिहून ठेवलेली असावी लागते. ती लिहिली जाते लहान मेंदूत आणि मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांत, वर्षानुवर्षांच्या सरावाने. सायकल, पोळी लाटणं, तबल्यावरचा बोल, आपली सही, हे सगळं तिथेच असतं. तिथला कारभार आपल्याला न विचारता चालतो, आणि चालतो तेच बरं.

बँकेतला अनुभव आठवा. "सही जुळत नाही, परत करा," असं काउंटरवरून सांगितलं की दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी येते. तिसरी तर कोणाची आहे तेच कळत नाही. पेन तेच, हात तोच. बदललं एवढंच की जे काम खालच्या विभागात मुकाट चालत होतं त्यात वरच्या साहेबांनी लक्ष घातलं. मेंदूचा पुढचा भाग, जो विचार करतो, तपासतो, काळजी करतो, तो प्रत्येक वळणावर "आता काय, आता काय" विचारू लागतो. हालचालीचे तुकडे पडतात. भीतीमुळे स्रवणारं ॲड्रेनालिन त्यात भर घालतं: स्नायू ताठ होतात, पकड घट्ट होते, बोटं उशिरा सुटतात. आणि एकदा चुकलं की पुढच्या वेळी साहेब अधिकच बारकाईने लक्ष घालतात.

याला खेळाडू यिप्स म्हणतात. हा शब्द गोल्फमधून आला. बेसबॉलमध्ये याचंच दुसरं नाव स्टीव्ह ब्लासचा आजार. पिट्सबर्गच्या ब्लासने १९७२ मध्ये १९ सामने जिंकले आणि १९७३ मध्ये ८९ इनिंगसुद्धा पुऱ्या न टाकता ८४ वॉक दिले. दोन वर्षांत त्याचा खेळ संपला. एका सभ्य, हसतमुख माणसाचं नाव आजाराला द्यावं, हे मला कधीच आवडलेलं नाही.

पण प्रत्येक यिप्स म्हणजे भीती नव्हे. काही गोल्फपटूंच्या मनगटाच्या स्नायूंची तपासणी केली तेव्हा असं दिसलं की चेंडू टोलवताना मनगट वाकवणारे आणि सरळ करणारे स्नायू एकाच वेळी आवळले जात होते. हा फोकल डिस्टोनिया, म्हणजे एकाच कामापुरता येणारा स्नायूंचा पीळ. लिहिणाऱ्यांना येतो तेव्हा आपण रायटर्स क्रॅम्प म्हणतो. वादकांनाही तो होतो. यात मेंदूच्या हालचाल ठरवणाऱ्या जाळ्यात बिघाड असतो, तरी एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छ येतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे "काहीच झालेलं नाही" असा अर्थ घरचे काढतात आणि त्या माणसावर दुहेरी अन्याय होतो. एमआरआय इमारत दाखवतो. आत काम कसं चाललंय ते त्यात दिसत नाही.

अँकीलचं नेमकं काय होतं हे मी इथून सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण पुढची काही वर्षं बघा. २००१ मध्ये त्याला खालच्या पातळीवर, मेम्फिसला पाठवलं. तिथे साडेचार इनिंगही न टाकता त्याने १७ वॉक आणि १२ वाइल्ड पिच दिले. मग त्याला सगळ्यात खालच्या पायरीवर, जॉन्सन सिटीला नेलं. तिथे तोच हात, तोच चेंडू, आणि सुमारे ८८ इनिंगमध्ये फक्त १८ वॉक! त्या मोसमातल्या एका सामन्याआधी धीर यावा म्हणून आपण व्होडका प्यायलो होतो, असंही त्याने पुढे सांगितलं. पुढे कोपराचा लिगामेंट फाटला, शस्त्रक्रिया झाली. त्या दुखण्याला मात्र सगळ्यांनी सहानुभूती दिली. कोपराला टाके पडले की तो बिचारा, आणि मेंदूतल्या जाळ्याची घडी विस्कटली की तो भित्रा. हा भेद कुठल्या शास्त्रात बसतो? आपल्याकडेही पाय मोडलेल्या मुलाला आपण सांभाळून घेतो आणि स्टेजवर बोटं अडकलेल्या मुलीला "एवढं काय घाबरायचं" म्हणतो.

२००४ मध्ये तो परत आला आणि १० इनिंगमध्ये केवळ १ वॉक दिला. म्हणजे बरा झाला? मार्च २००५ मध्ये त्याने पिचिंग सोडत असल्याचं जाहीर केलं. हार मानली, असं अनेकांना वाटलं. मला मात्र तो पूर्ण आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा उपचार वाटतो. दर चेंडूला आतून जी किंमत मोजावी लागत होती ती आकड्यांत दिसत नव्हती. तो फलंदाज आणि आउटफिल्डर म्हणून शून्यापासून शिकला. ९ ऑगस्ट २००७ रोजी कार्डिनल्सकडून पुन्हा उतरला आणि त्याच सामन्यात होमरन मारला. मे २००८ मध्ये डेन्व्हरला तर त्याने सीमारेषेजवळून थेट तिसऱ्या बेसवर दोन अचूक फेकी केल्या आणि दोन धावपटूंना बाद केलं. अठरा मीटरवर न जमणारी गोष्ट त्याच हाताला नव्वद मीटरवरून जमली, कारण मेंदूच्या लेखी ते वेगळंच काम होतं.

सोडणं हाच उपाय, असं मात्र समजू नका. टायलर मॅटझेक २०१५ नंतर अशाच त्रासाने मोठ्या लीगमधून बाहेर पडला. स्वतः यिप्स भोगलेल्या एका माजी नौसैनिकाबरोबर त्याने काम केलं, २०२० मध्ये परतला आणि २०२१ च्या विजेत्या ब्रेव्हज संघात कठीण क्षणी त्याच्याच हाती चेंडू दिला गेला. कोणी परतावं आणि कोणी वळण घ्यावं, हे ज्याचा हात आहे त्याने ठरवायचं. प्रशिक्षकाने नाही, आणि आईवडिलांनी तर नाहीच.

आता तुमच्या कामाचं. मुलगा चेंडू टाकताना, मुलगी पेटी वाजवताना, किंवा तुम्ही स्वतः सही करताना असं होत असेल तर आधी साध्या कारणांची तपासणी करून घ्या. कोपराच्या लिगामेंटची इजा किंवा दबलेली नस यांचीही सुरुवात कधी कधी अचूकता जाण्याने होते. हात सगळ्याच कामांत कमजोर वाटत असेल, मुंग्या येत असतील तर थांबू नका. अचानक एका बाजूची शक्ती गेली किंवा बोलणं अडखळलं तर ते यिप्स नव्हे, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. "अजून शंभर चेंडू टाक" हा उपाय करू नका. चुकीची हालचाल शंभर वेळा केली की तीच पक्की होते. हात थरथरू नये म्हणून आजीची बीपीची गोळी परस्पर घेणारे मी पाहिले आहेत. त्यातल्या काही गोळ्या दमा असणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात. डिस्टोनिया असेल तर पकड बदलणं, हालचाल नव्याने शिकणं, काहींना बोटॉक्सची इंजेक्शनं, असे मार्ग आहेत. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. भीतीचा वाटा मोठा असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत होते.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर तीन व्हिडिओ काढून न्या: त्रास होतानाचा, तेच काम एकट्याने कोणी बघत नसताना केल्याचा, आणि त्याच हाताने वेगळं काही काम करतानाचा. तपासणीच्या खोलीत हात बहुतेक वेळा शहाण्यासारखा वागतो.