पाठीतल्या कळा : सोसण्याचा सल्ला आणि उपायांचा हक्क

बाळाचे डोके खाली असूनही त्याची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर डोक्याची कठीण मागची बाजू तिच्या माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाबते. मग कळा पोटापेक्षा कंबरेत जास्त उठतात आणि दोन कळांच्या मधेही कंबर ठणकत राहते. कळा सुरू होताना साधारण १५ ते ३० टक्के बाळे अशी असतात. बहुतेक वाटेत वळतात, जन्मताना सुमारे ५ टक्केच तशी उरतात.

या दुखण्याविषयीची काही ठाम मते वसई-विरारच्या घरांतही ऐकू येतात. पहिले, कंबरेतल्या कळा खोट्या. हे चूक आहे. खरी कळ जागेवरून ओळखत नाहीत. ती ठरावीक अंतराने येते, अंतर घटते, जोर वाढतो आणि कूस बदलूनही ती थांबत नाही. दुसरे, बाळ ‘उलटे’ म्हणजे सिझर ठरलेले. उलटे ते पायाळू. इथे डोके खालीच असते. प्रसूती लांबू शकते, पण गर्भपिशवीचे तोंड उघडेनासे झाले, बाळ खाली सरकेनासे झाले किंवा त्याचे ठोके बिघडले, अशा वेळी सिझरचा प्रश्न येतो. तिसरे, ओणवे होऊन फरशी पुसली की बाळ फिरते. शेवटच्या आठवड्यांत रोज हातागुडघ्यांवर राहण्याच्या व्यायामाने काय होते, याची ऑस्ट्रेलियात अडीच हजारांहून अधिक गर्भवतींवर चाचणी झाली. २००४ साली आलेल्या तिच्या निष्कर्षानुसार जन्मावेळच्या स्थितीत फरक पडला नाही. तेव्हा बाळ वळले नाही म्हणून आईला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

चौथे मत सर्वांत जड: सगळ्याच बायका सोसतात. सोसतात हे खरे. पण म्हणून उपाय नाकारणे योग्य ठरत नाही. लांबलेल्या प्रसूतीत थकलेल्या आईला जोर लावायला बळ उरत नाही.

उपाय साधे आहेत. बाळ फिरो न फिरो, कळांच्या काळात हातागुडघ्यांवर राहिल्याने कंबरेचे दुखणे कमी होते. उताणे निजल्याने ते वाढते. बाई खाटेच्या कडेवर ओणवी होते, कळ चढू लागली की सोबतीण तळहाताचा खालचा भाग माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरते आणि कळ ओसरली की सोडते. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवीही आराम देते. कंबरेच्या कातडीत चार जागी निर्जंतुक पाण्याच्या बारीक सुया दिल्या, तर अर्धा मिनिट झोंबते, पण पुढे तास-दोन तास दुखणे उतरते. पाठीतून भूल देण्याचाही उपाय आहे; तिने कंबर कायमची दुखते, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

हे सारे करायला जवळ माणूस लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीला परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सोबत, हालचाल, मालीश आणि वेदनाशमन आहे. म्हणून महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घालतानाच सोबतीण कोण आणि वेदनाशमनाची सोय कोणती, हे विचारून ठेवावे.