जहाजाच्या आठवणींत टोपास कुठे आहे?

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि 'विक्रांत'च्या आठवणी छापून येतात. १९७१ चे युद्ध, बंगालचा उपसागर, डेकवरून सुटणारी सी-हॉक विमाने, कॉक्स बाजार आणि चितगाववरचा मारा. आम्हीही त्या अभिमानानेच वाचतो. पण मित्रांनो, या आठवणी सांगतो कोण? वैमानिक सांगतो, कॅप्टन सांगतो, ॲडमिरल पुस्तक लिहितो.

विक्रांत वाफेवर चालायची. विमानाला डेकवरून भिरकावणारे कॅटापल्टही वाफेवरच. त्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता आणि उरलेल्या तिघांवर काम निभावले गेले. मग त्या बॉयलरपाशी तासन्‌तास उभ्या राहिलेल्या खलाशांच्या आठवणी कुठे आहेत?

त्यांच्याही खाली एक माणूस होता. त्याचा हुद्दा 'टोपास'.

"जहाजावर जात नसते, समुद्रात सगळे सारखे," असे आम्हाला ऐकवले जाते. मग ब्रिटिशांच्या रॉयल इंडियन नेव्हीत झाडलोटीसाठी आणि संडास धुण्यासाठी वेगळा हुद्दा कशाला लागत होता? दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांच्या याद्यांत काही नावांपुढे 'टोपास' असे लिहिलेले आजही वाचायला मिळते. जहाज बुडताना पाणी सगळ्यांच्याच नाकातोंडात गेले, झाडू मात्र ठरावीक हातांतच होता! पुढे स्वातंत्र्य आले, संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता संपवली, तरी ही शाखा भारतीय नौदलात आणखी काही वर्षे चालूच राहिली.

१९४६ चे नाविकांचे बंड घ्या. १८ फेब्रुवारीला ते मुंबईत 'तलवार'वर सुरू झाले. ('तलवार' हे जहाज नव्हे, किनाऱ्यावरचे सिग्नल प्रशिक्षण केंद्र.) निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या यांनी भडका उडाला. त्यातले एक रेटिंग बी. सी. दत्त यांनी पुढे पुस्तक लिहिले, म्हणून ते बंड आपल्याला आतून कळते. टोपासने लिहिलेले असे एकही पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. लिहिणे कुणाच्या वाट्याला आले आणि कुणाच्या नाही, हे तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको.

लष्करातला इतिहास आपल्या समाजाने हट्टाने जपला. सुभेदार रामजींची नोकरी, महारांची बंद झालेली भरती, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांचा अर्ज, १९४१ ची महार रेजिमेंट, हे सगळे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. समुद्रावरचे काम अजून बाकी आहे आणि वेळ थोडा आहे. १९७१ साली विशीत असलेला खलाशी आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

खुद्द विक्रांतही उरली नाही. १९९७ ला ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ ला दारूखान्यात तोडायला घेतली. तिचे लोखंड मोटारसायकलच्या टाकीत गेले, त्याची मोठी जाहिरात झाली. तोडणाऱ्या मजुरांचे नाव त्या जाहिरातीत नव्हते.

तेव्हा वस्तीत, नात्यात कुणी नौदलातून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर मोबाइल घेऊन त्यांच्यापाशी बसा. कोणत्या जहाजावर होता, कोणते काम दिले होते, जेवायला पंगतीत कोण असायचे, आडनाव कळल्यावर कोण उठून गेले, हे विचारा. ते सांगतील तसेच, त्यांच्याच भाषेत उतरवून घ्या.

जय भीम!